चुकलेली पै

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

दत्तजयंतीच्या अंकासाठी यंदा मंडळींनी मला विषय नेमून दिला, ‘प्रपंच सांभाळून कला कशी जोपासावी’. कारण उघड आहे. आपल्या देवळात दर गुरुवारी आरतीनंतर भजन होतं, त्यात गेली चाळीस वर्षं मी पेटीवर बसतो. बँकेत कारकुनी केली, दोन मुलं वाढवली, म्हाताऱ्या आईचं आजारपण काढलं आणि गुरुवार फारसा चुकवला नाही. तेव्हा या माणसाला सांगण्यासारखं काहीतरी असेल, असं मंडळींना वाटलं. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटलं. मी लगेच हो म्हटलं, आणि देवळातून घरी पोचेपर्यंत लेखाचं पहिलं वाक्यही तयार केलं: वेळ मिळत नसतो, वेळ काढावा लागतो.

वाक्य खोटं नाही. पण वेळ काढायचा तो कुठून, कोणाच्या खात्यातून, हे त्या वाक्यात नाही. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. कुठेही रक्कम जमा झाली की ती दुसऱ्या कुठल्या तरी नावे पडलेली असते, हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवलं. या द्विनोंदी पद्धतीवरचं पहिलं छापील विवेचन लुका पाचोली नावाच्या इटलीतल्या एका ख्रिस्ती साधूनं १४९४ साली केलं, असं पुस्तकात होतं. साधूला जमाखर्चाचं काय, असं तेव्हा वाटायचं. आता वाटत नाही. अडतीस वर्षं बँकेत तो नियम मी पाळला आणि घरी विसरलो. हा लेख त्या विसरण्याबद्दल आहे.

जमाखर्च आणि परमार्थ यांची जोडी आपल्याला नवी नाही. नाथमहाराजांची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. देवगिरीला जनार्दनस्वामींच्या घरी ते हिशेबाचं काम पाहायचे. एकदा एका पैचा फरक येऊ लागला. नाथ रात्रभर दिव्याशी बसले. पहाटे चूक सापडली तेव्हा त्यांनी आनंदानं टाळी वाजवली. स्वामी जागे झाले. एका पैची चूक सापडल्यावर एवढा आनंद, मग हेच चित्त भगवंताकडे लागलं तर काय होईल, अशा अर्थाचं त्यांनी नाथांना सांगितलं. कीर्तनात ही गोष्ट ऐकली की माझ्यासारख्या कारकुनाचा ऊर भरून येतो. आमच्या धंद्याला परमार्थात एवढी मोठी जागा दुसरीकडे कुठे मिळाली आहे?

संगणक येण्याआधी आम्हीही असेच बसायचो. महिनाअखेरीला लेजर जुळायचं नाही. रात्रीचे नऊ वाजायचे, चहाचे कप जमायचे, आणि एकेक जण काडी लावत बसायचा. जुन्या हेडक्लार्कांनी आम्हाला दोन युक्त्या शिकवल्या होत्या. फरकाला नऊनं पूर्ण भाग जात असेल तर आकडे उलटे पडले असण्याचा संभव धरायचा, चोपन्नचे पंचेचाळीस झाले असतील. आणि दुसरी युक्ती अशी, की फरकाचा निम्मा आकडा शोधायचा. तो सापडला तर एखादी रक्कम चुकीच्या बाजूला पडली आहे, नावे टाकायची ती जमेला धरली आहे. अशा चुकीचा फरक दुप्पट दिसतो. ही दुसरी युक्ती वाचकांनी लक्षात ठेवावी. पुढे ती लागणार आहे.

माझी नोकरी बरीच वर्षं मिरजेला झाली. घर सांगलीत, शाखा मिरजेत. मिरज म्हणजे उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांचं गाव. खाँसाहेब १९३७ साली गेले, त्यांची कबर मीरासाहेबांच्या दर्ग्यात आहे आणि त्यांच्या स्मरणार्थ तिथे दरवर्षी गाणं होतं. तंतुवाद्यं करणाऱ्यांची गल्लीही याच गावात. सतार आणि तंबोरा यांना २०२४ साली मिरजेच्या नावानं भौगोलिक मानांकन मिळालं, हे वाचकांनी वर्तमानपत्रात वाचलं असेल. पंढरपूरकडचे मोठाले कडू भोपळे तिथे सुकत टांगलेले असतात.

एकदा एका कारागिराची कर्जाच्या कागदावर सही घ्यायला मी स्वतः दुकानात गेलो. ते तंबोऱ्याची जवारी लावत होते. घोडीवर तार टेकते ती जागा कानशीनं अगदी किंचित घासायची, तार छेडायची, ऐकायचं, तारेखालचा सुताचा धागा पुढेमागे सरकवायचा, पुन्हा ऐकायचं. मी दारात उभा. दोनदा हाक मारली. त्यांनी वर पाहिलं नाही. दहाएक मिनिटांनी तार एकदम बोलू लागली, भुंगा गुणगुणावा तशी, तेव्हा त्यांनी मान वर केली आणि विचारलं, “साहेब, कधी आलात?”

मला तेव्हा चोवीस गुरूंमधला बाण करणारा आठवला. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतात. नाथांनी याच स्कंधावर टीका लिहिली, ती शके १४९५ म्हणजे इसवी सन १५७३ मध्ये काशीला पूर्ण केली. आपल्या संप्रदायात ते अवधूत म्हणजे श्रीदत्तप्रभूच. तर हा बाण करणारा बाण सरळ करण्यात असा गढलेला, की शेजारून राजाची स्वारी वाजतगाजत गेली ती त्याला कळली नाही. मी त्या दिवशी घरी येऊन सौ.ला हे मोठ्या उत्साहानं सांगितलं. म्हटलं, कला म्हणतात ती ही. मी पेटीवर बसतो तेव्हा माझंही असंच होतं, जगाचा विसर पडतो. ती भाकरी थापत होती. “बरं झालं,” म्हणाली, “कोणीतरी आठवण ठेवायला लागतं तेवढं.” मी हसलो. मला वाटलं विनोद केला.

२०१७ साली निवृत्त झालो. आता काय, वेळच वेळ. नवी पेटी घेतली. पहिला महिना सकाळी तीन तास बसायचो. दुसऱ्या महिन्यात एक तास. दिवाळीनंतर पेटीवर घातलेली खोळ मी आठ-आठ दिवस काढत नव्हतो. नोकरीत असताना सकाळी वीस मिनिटं का होईना हात फिरायचा. सगळा दिवस मोकळा मिळाल्यावर तेवढाही फिरेना. पुष्कळ निवृत्त स्नेह्यांचा हाच अनुभव आहे. कोणी कुंचले आणून ठेवले, कोणी बासरी. ‘निवृत्तीनंतर करीन’ म्हणून ठेवलेली कला निवृत्तीची वाट पाहत बसत नाही. ती रोजच्या धबडग्यात कुठेतरी वीस मिनिटांची जागा धरून असेल तरच जगते.

गुरुचरित्रात हिपरगीच्या नरहरी कवीची कथा आहे. तो कल्लेश्वराला रोज पाच कवनं वाहायचा. पुढे त्याला श्रीगुरूंचं दर्शन कसं झालं ती कथा आपण पारायणात वाचतोच. माझं लक्ष त्या पाचांवर असतं. रोज, आणि पाचच. त्याच ग्रंथातला विणकर भक्त घ्या. आपलं विणकाम उरकायचा आणि मठाचं अंगण झाडायचा. दोघांनी काही सोडलं नाही. दिवसातला एक कोपरा नेमून ठेवला, एवढंच. हे मला तेव्हा उमगलं, पण निम्मंच उमगलं. कोपरा नेमायचा हे कळलं. तो नेमून कोणाला मिळतो, हे कळलं नव्हतं.

ते कळायला आणखी दोन वर्षं लागली. गॅसचं जुनं पुस्तक हवं होतं म्हणून मी माळ्यावरची पत्र्याची पेटी काढली. आत बँकेच्या डायऱ्या. दरवर्षी नव्या वर्षाला आम्हाला दोन डायऱ्या मिळायच्या, त्यातली एक मी हिला द्यायचो, दुधाचा-वाण्याचा हिशेब लिही म्हणून. १९८६ पासून २०१४ पर्यंतच्या एकोणतीस डायऱ्या. उघडून पाहतो तर हिशेब मागच्या चार पानांत कोंबलेला आणि बाकी सगळीकडे ठिपके. रांगोळीचे ठिपके.

आमच्या दारात रोज सकाळी रांगोळी असते. ती मी चौतीस-पस्तीस वर्षं ओलांडून बँकेत गेलो. सडा, रांगोळी, तुळशीला पाणी, हे झाडलोटीबरोबर होणारं एक काम, अशीच माझी समजूत. डायरीत पाहिलं तेव्हा कळलं, की इतर दिवशी साधी चार ठिपक्यांची असली तरी दर गुरुवारची रांगोळी नवी होती. आदल्या दिवशीच्या पानावर पेन्सिलीनं आखणी, खोडाखोड, मग गुरुवारच्या पानावर शाईनं पक्की. कोपऱ्यात नोंद, ‘१५ ते ८’. म्हणजे मधल्या ओळीत पंधरा ठिपके आणि दोन्ही बाजूंना एकेक कमी करत आठपर्यंत. मी सवयीनं बेरीज केली. एकशे एकोणसत्तर. तेरा तेरे एकशे एकोणसत्तर. एवढे ठिपके उकिडवं बसून, हातानं, अंतर न चुकवता, आणि सूर्य वर यायच्या आत. चैत्रातली पानं वेगळी होती. झोपाळ्यातली गौर, सूर्य-चंद्र, कासव, गोपद्मं, अंबारीचा हत्ती, सगळं चैत्रांगण. काही पानांवर एकेक ओळ लिहिलेली. ‘आज पाऊस, नऊलाच गेली.’ ‘धाकट्यानं पाय दिला, तरी बरी दिसत होती.’ ‘कासवाची मान नीट येत नाही.’ पुढच्या वर्षीच्या त्याच सुमाराला, ‘मान जमली.’

आपल्याकडे जुन्या ग्रंथांतल्या चौसष्ट कलांच्या यादीत तांदूळ आणि फुलांनी आकृत्या काढणं ही एक कला म्हणून मोजलेली आहे. माझ्या दारात ती एकोणतीस वर्षं चालली होती. मी देवळात पेटी वाजवायचो त्याला लोक सेवा म्हणायचे. हिच्या रांगोळीला मीसुद्धा काम म्हणत होतो.

पण मी कारकून. मला पानं भरलेली दिसली तशी रिकामीही दिसली. १ जून १९९५ च्या गुरुवारपासून २६ फेब्रुवारी १९९८ च्या गुरुवारपर्यंत एकही नवी रांगोळी नाही. मागच्या पानांवर दूध, औषधं, डायपर, पाण्याची गादी यांचा हिशेब तेवढा आहे. ती आईच्या अर्धांगाची वर्षं. पंचांगावरून मोजले तर हे एकशे चव्वेचाळीस गुरुवार होतात. मग माझ्यातल्या हिशेबनिसानं जे करायला नको होतं ते केलं. भजनी मंडळाची जुनी हजेरीवही मागून आणली. त्या एकशे चव्वेचाळीसपैकी एकशे एकोणचाळीस गुरुवारी माझी हजेरी लागलेली आहे.

सज्जनहो, इथे ती दुसरी युक्ती लागू पडली. आयुष्यभर हे गुरुवार मी माझ्या जमेच्या बाजूला मांडत होतो. आईचं एवढं आजारपण, पण यानं देवाची सेवा सोडली नाही, असं लोक म्हणायचे आणि मला बरं वाटायचं. रक्कम बरोबर होती, बाजू चुकली होती. ते दोन-दोन तास कोणीतरी आईचं अंग पुसत होतं, कूस बदलत होतं, मुलांचा अभ्यास घेत होतं, म्हणून मी पेटीवर बसलो होतो. मी तेवढं देणं लागत होतो, आणि तेवढंच येणं म्हणून लिहीत होतो. फरक दुप्पट.

आणखी एक पान सांगतो, मग ही झडती थांबवतो. १९९९ चं. आई जाऊन दीड वर्ष झालेलं. सांगलीत एक बाई मुक्तहस्त रांगोळीचा वर्ग घेणार होत्या. दोन महिने, आठवड्यातून एकदा, संध्याकाळी पाच ते सात. वार नेमका गुरुवार. मुलाची दहावी होती, घरात कोणीतरी हवं होतं. हिनं मला विचारलं होतं. मला हे मुळीच आठवत नव्हतं. डायरीच्या पानावर रांगोळी नाही, पेन्सिलीनं दोनच शब्द आहेत. ‘बघू म्हणाले.’

मी आयुष्यात बायकोला कधी ‘नाही’ म्हटलं नाही, असं मी चारचौघांत सांगत आलो. ते खरं आहे. माझं काम ‘बघू’वर भागत होतं.

संध्याकाळी मी ती डायरी घेऊन स्वयंपाकघरात गेलो. म्हटलं, “या गुरुवारपासून मी घरी थांबतो. तू वर्गाला जा. कुठे असेल तर मी चौकशी करतो.” तिनं डायरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “अहो, गुडघे कुठे बसू देतात आता? जमिनीवर बसले तर दोघांनी उठवायला पाहिजे.” गुडघ्यांची झीज होऊन तिला तेव्हा तीन वर्षं झाली होती. रांगोळीची जागा दारात चिकटवायच्या छापील पट्टीनं घेतली होती. तेही माझ्या लक्षात आलं नव्हतं.

पूर्वी चेक सहा महिने चालायचा. २०१२ च्या एप्रिलपासून तीन महिनेच चालतो. त्यानंतर खात्यात कितीही पैसे असोत, काउंटरवरून तो परत जातो. सहीही खरी, शिल्लकही आहे, फक्त मुदत गेली. मी असे कित्येक चेक लोकांना परत केले आहेत. माझा ‘हो’ तसा वीस वर्षांनी काउंटरवर आला होता.

मी तिची क्षमा मागितली. वाचकांना वाटेल आता डोळ्यांत पाणी वगैरे आलं असेल. तसं काही झालं नाही. उलट ती जरा रागावली. “रिकामी पानं म्हणजे मी काही केलं नाही असं कोणी सांगितलं तुम्हाला? सासूबाई होत्या म्हणून मी थांबले. तुमच्यासाठी नाही थांबले. त्यांनी माझी दोन्ही बाळंतपणं काढली होती.” मग थोड्या वेळानं, कणीक मळता मळता म्हणाली, “आणि हात काय थांबतो का? परातीत पीठ घेतलं की बोटानं ठिपके काढायची. आठ ते आठ. रेघा जोडायच्या, बघायचं, आणि पाणी घालून मळायचं. रोज नवी. ते कशाला लिहायचं डायरीत?”

मी गप्प बसलो. एकशे चव्वेचाळीस गुरुवार कोरे म्हणून मी शेरा मारून बसलो होतो. नोंद नाही म्हणजे व्यवहार नाही, हे बँकेत ठीक आहे. घरातले पुष्कळ व्यवहार वहीत येतच नाहीत. आम्ही जेवलेल्या पोळ्या-भाकऱ्यांत किती रांगोळ्या गेल्या कोण जाणे.

तेव्हा मला चोवीस गुरूंमधली कुमारी आठवली. बाण करणारा सगळ्यांच्या लक्षात राहतो, हिची गोष्ट आपण भराभर वाचून पुढे जातो. घरातली मोठी माणसं बाहेर गेलेली. मुलीला मागणी घालायला पाहुणे आलेले. त्यांच्या जेवणासाठी ती साळी कांडायला बसली तर हातातल्या बांगड्या वाजू लागल्या. घरात कांडलेले तांदूळही नाहीत, हे पाहुण्यांना कळेल, म्हणून तिला लाज वाटली. तिनं एकेक बांगडी काढून टाकली. दोन-दोन राहिल्या तरी वाजत होत्या. शेवटी एकेक ठेवली तेव्हा आवाज थांबला. अवधूतांनी यातून बोध घेतला तो असा, की पुष्कळांच्या संगतीत कलह, दोघांत बोलणं, म्हणून एकट्यानं असावं. संन्याशाला तो बोध योग्यच आहे.

माझ्यासारख्या प्रपंची माणसाला मात्र त्या गोष्टीत दुसरंही काही दिसतं. शास्त्री मंडळींनी क्षमा करावी. बाण करणारा आपल्या दुकानात बसलेला आहे. त्याची एकाग्रता राजाच्या वाजंत्र्यांनी मोडत नाही, हे मोठंच. पण त्याला आतून कोणी हाक मारत नाही की दूध उतू चाललंय, बाळ रडतंय, पाहुणे आलेत. कुमारीला पाहुण्यांचंही बघायचं आहे, कांडायचंही आहे, घराची अब्रूही राखायची आहे, आणि शांतता हवी असेल तर ती स्वतःच्या हातातलं काही काढून ठेवूनच मिळते. तिच्यासाठी ती शांतता दुसऱ्या कोणी करून दिलेली नाही. अवधूतांनी दोघांनाही गुरू केलं आणि दोघांना एकाच मोजणीत बसवलं. आम्ही पुरुष मंडळी बाण करणाऱ्याचे शिष्य होतो आणि कुमारीला घरात ठेवतो.

कोणी म्हणेल, या वयात हे कशाला? नाम घ्यावं, कलेचा पसारा हवा कशाला, कलेनं अहंकार वाढतो. वाढतो, हे मी नाकारत नाही. माझा वाढलाच होता. पण तो पेटीनं वाढवला नाही. पेटीमागचं देणं मी लपवलं, त्यानं वाढवला. नाथांनी आरती लिहिली, भारुडं लिहिली, आणि घरात राहूनच लिहिली. कला परमार्थाच्या आड येत नाही. दुसऱ्याच्या वाट्याचा वेळ न विचारता घेणं आड येतं, मग तो वेळ भजनाला घेतला असला तरी.

तेव्हा मंडळींनी दिलेल्या विषयाला माझं उत्तर असं. कला जोपासायची तर थोडी आणि रोज. वीस मिनिटं पुरतात, पण ती ठरलेली हवीत. मी आता सकाळचा चहा व्हायच्या आधी अलंकार वाजवतो आणि मग चहा मीच करतो. दुसरं, जागा आणि साहित्य यांची वाट पाहू नये. परात असली तरी चालते. आणि तिसरं, जे मला सर्वांत उशिरा कळलं: हा वेळ कोणाच्या नावे पडतो आहे ते त्याच दिवशी विचारावं, आणि परतफेड वेळेत करावी. ती वेळेतच व्हायला हवी. नंतर दिलेलं घेता येईलच असं नाही.

गेली काही वर्षं महिन्यातल्या दुसऱ्या आणि चौथ्या गुरुवारी मी देवळात पेटीवर नसतो, हे नेहमीच्या मंडळींना माहीत आहे. प्रकृतीची चौकशी झाली, म्हणून कारण सांगून टाकतो. त्या दिवशी मी घरी आमटी-भात लावतो. आमच्या समोरच्या खोलीत उंच टेबलावर मोठा पाट ठेवलेला असतो. सौ. खुर्चीवर बसून त्यावर रांगोळी काढते, आणि वाड्यातल्या दोन मुली तिच्याकडे शिकायला येतात. एक नेमानं येते, दुसरी परीक्षा नसली की येते. मुक्तहस्त रांगोळी तिला शेवटपर्यंत शिकायला मिळाली नाही, त्यामुळे ती ठिपक्यांचीच शिकवते. पेटीवर त्या दिवशी आपल्या मंडळातला तो कॉलेजचा मुलगा असतो. काळी दोनमध्ये अजून चाचपडतो. त्याला चाचपडू द्यावं, ही विनंती. मीही पहिली तीन वर्षं तसाच होतो, आणि तेव्हाच्या वडीलधाऱ्यांनी मला उठवलं नाही.

ठिपके काढायचं काम कधीकधी मला मिळतं. माझी ओळ तिरकी जाते. परवा तिनं माझे पंधरा ठिपके हातानं पुसले आणि म्हणाली, “लेजर भरल्यासारखे दाबून काढू नका. चिमूट सैल सोडा.” पुन्हा काढले. आठव्या ठिपक्यापर्यंत बरे आले.

नाथांना पै सापडली तेव्हा त्यांनी टाळी वाजवली. मला माझी सापडली तेव्हा टाळी वाजवावीशी वाटली नाही, कारण ताळेबंद आता या जन्मात जुळायचा नाही. पण कुठे चुकलं ते कळलं, एवढी सद्गुरूंची कृपा. हा अंक हातात पडेल तेव्हा वाचकांनी एकच करावं. आपल्या घरातही माळ्यावर, कपाटाच्या तळाशी, फडताळात कोणाची तरी अशी एखादी वही असेल. विणलेल्या नमुन्यांची असेल, ओव्यांची असेल, गाण्यांची असेल. ती आपण होऊन उघडू नये. ज्याची आहे त्याला विचारावं, ‘दाखवतेस का?’ आणि त्यानंतर पुढून काही मागणं आलं, तर ‘बघू’ म्हणू नये.

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥